मायच्या फोनवर घेतलेले टोपले

आरंभीच क्षमा मागते. लिहिणे हे माझे काम नाही. पन्नाशी ओलांडेपर्यंत मी जे काही लिहिले, ते कामावरच्या नोंदवह्यांत आणि यंत्रांच्या बिघाडांच्या अहवालांत. गाव सोडून गेलेल्यांनी लिहिलेले मी पुष्कळ वाचले आहे, आणि दर वेळी वाटले आहे की आपण यात भर घालावी असे काही नाही. तरीही लिहिण्याचे धाडस करते आहे, याचे कारण साधे आहे. माझ्या भावजयीवर घरात एक ठपका बसलेला आहे. तो निम्म्याहून अधिक माझा आहे. हे तिला तोंडाने सांगावे म्हणून मी तीनदा गावी गेले आणि तीनदा न सांगता परत आले. कागदावर मला थोडे अधिक बोलता येते. भाची प्रज्ञा आता सातवीत आहे. ती हे आपल्या आईला वाचून दाखवील, असा माझा हिशेब आहे.

मी गाव सोडले तो बाजाराचा दिवस होता. आमचे गाव जवळा बाजारपासून चालत तासाभराच्या अंतरावर आहे, आणि त्या काळी बाजाराच्या दिवशीच तिकडे जायला टेम्पो मिळे. नांदेडला इंजिनीअरिंग झाले होते, नवी मुंबईत नोकरी लागली होती, आणि परभणीहून रेल्वे पकडायची होती. जवळा बाजारच्या बसस्टँडवर बाबा बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून पाहत होते. मायने मात्र बसकडे पाठ केली होती. ती कापडाच्या दुकानातल्या एसटीडी बूथवाल्या काकांसमोर उभी राहून त्यांच्याकडून बूथचा नंबर उदबत्तीच्या पुड्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेत होती. तिला वाचता येत नव्हते. पुठ्ठा तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पोचल्याबराबर कळव. म्या बाजारच्या दिवशी हितंच बसते."

बस निघाली. कोणी रडले नाही. रडायची वेळ असते तेव्हा आमच्या घरात सगळे काहीतरी कामाला लागतात. मी खिडकीतून पाहिले तेव्हा माय बूथच्या पायरीवर बसून पदराने पायरी झाडत होती, जणू बसायची जागा तिने त्या दिवसापासूनच धरून ठेवली होती.

पुढे कितीतरी वर्षे ती त्याच पायरीवर बसली. बाजाराच्या दिवशी दुपारी बाराला मी फोन करी. काका ओरडत, "ओ माय, मुंबई आली." मग रिसीव्हर हातातून हातात जाण्याचा आवाज येई आणि ती म्हणे, "मी बोलून राहिले, माय." दुसरे कोण असणार होते? पण हे वाक्य तिने कधी गाळले नाही. त्यानंतर ठरलेले असे. बरी हाय ना, जेवली का, बाबाचा खोकला कमी हाय, आणि लगेच, "ठेव मंग, मागं माणसं ताटकळली." इतक्या बोलण्यासाठी ती तासभर चालत येई. मी त्या वेळी त्यात काही विशेष मानले नाही. तेही सांगून ठेवते.

माझे काम काय, हे गावात मला कधी नीट समजावता आले नाही. आधी टेलिफोनची यंत्रे बसवणाऱ्या एका कंपनीत होते, नंतर डेटा सेंटरमध्ये आले आणि तिथेच राहिले. लोक ज्याला क्लाऊड म्हणतात तो चार मजल्यांचा आहे. बाहेरून तो कापसाच्या गोदामासारखा दिसतो. त्याला डिझेल लागते, पाणी लागते, आणि उंदरांनी तारा कुरतडू नयेत म्हणून महिन्यातून एकदा औषध घालावे लागते. आत यंत्रांच्या रांगा आहेत. रांगांच्या पुढे थंड गल्ली आणि मागे गरम गल्ली. थंड गल्लीत काम करून बोटे बधिर झाली की आम्ही मागच्या गल्लीत जाऊन यंत्रांच्या पाठीशी हात धरतो. तिथे हात धरल्यावर पहिल्या वर्षी मला चुलीची आठवण येत असे. आता येत नाही, हात तेवढे शेकले जातात.

त्या दालनात स्वतःचा फोन नेता येत नाही. तो बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा. आत प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असतात, दोन इथे आणि एक दुसऱ्या शहरात. निकामी झालेली डिस्क भंगारात तशीच जात नाही. ती यंत्रात घालून चुरडतात, आणि चुरडताना एक माणूस समोर उभा असावा लागतो. त्याने पाहिले म्हणून वहीत सही करायची. आमच्या पाळीत तो साक्षीदार बहुतेक वेळा मी असते, कारण मी फारसे बोलत नाही आणि सही वाचता येईल अशी करते.

बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी माझा धाकटा भाऊ मिलिंद याने मायला टच फोन घेऊन दिला. बोलून निरोप पाठवायचे तिला प्रज्ञाने शिकवले. प्रज्ञा तेव्हा लहान होती, पण तिची शिकवण्याची पद्धत करडी होती. "आज्जी, आधी दाब. दाबून धर. मंग बोल." मायला ते जमले नाही. ती आधी बोलायला सुरुवात करी आणि मग तिला दाबायचे आठवे. त्यामुळे तिचा प्रत्येक निरोप मधूनच सुरू होई. "…म्हणलं, पर ती ऐकती का? बरं, तू जेव." कोण ऐकत नाही, ती म्हैस की शेजारीण, हे माझे मीच ठरवायचे. "मी बोलून राहिले" हे शब्दही ती म्हणत असणार, पण ते नेहमी अंगठ्याच्या अलीकडे राहून जात. एकदा मी तिला प्रज्ञाकरवी कळवले की सुरुवात ऐकू आली नाही, पुन्हा पाठव. तिचा उलट निरोप आला, "…येडी हाय का? येकदा बोललेलं पुन्हा तसंच कसं बोलू?"

पाळी संपली की लॉकर उघडून मी तिचे निरोप ऐकत असे. मागे कधी कोंबड्या असत, कधी फवारणीचा पंप, कधी हळद शिजवण्याच्या भट्टीशी चाललेली कालवाकालव. क्वचित नुसताच वारा असे आणि तिचा श्वास. बोलून झाल्यावर बोट उचलायचे राहून गेलेले असे. मी एकटी राहते. त्यामुळे ते निरोप हेच माझे घरातले बोलणे होते. उत्तर म्हणून मी बहुधा हात जोडल्याचे चिन्ह पाठवी. मला बोलून निरोप पाठवायला संकोच वाटतो, लॉकरच्या खोलीत माणसे असतात.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

कंपनीने हजेरीसाठी नवे ॲप आणले आणि ते त्याच दिवशी फोनमध्ये घेणे सक्तीचे केले. माझ्या फोनने जागा नाही असे सांगितले. जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमध्ये, डबा उघडा ठेवून मी पाहिले की कोणी किती जागा व्यापली आहे. फोन तशी यादी देतो. यादीत सर्वांत वर नाव होते, माय. त्याखाली घरच्या ग्रुपवरची सुप्रभाताची चित्रे होती. ती एकेक निवडून पुसावी लागली असती. मायचे मात्र सगळे एका ठिकाणी होते. मी ते निवडले. फोनने विचारले, नक्की का? मी हो म्हटले. वरण गार व्हायच्या आत काम झाले.

पुसताना मी विचार केला नव्हता असे नाही. विचार केला, तो असा, की दुसरी प्रत मायच्या फोनमध्ये आहेच. तिने पाठवलेले तिच्याकडे राहते. गावी गेले की तिच्या फोनमधून घेईन. माझ्या धंद्यात दुसरी प्रत असल्याची खात्री केल्याशिवाय पहिली पुसत नाहीत. मी खात्री केली नाही. तिचा फोन त्याआधीच बिघडून बंद पडला होता आणि ती मिलिंदच्या फोनवरून बोलत होती, हे मला ठाऊक होते. पण बंद फोनमधूनही आवाज काढता येतो, हेही मला ठाऊक होते. तेवढ्यावर मी निर्धास्त राहिले.

पुढच्याच महिन्यात माय गेली. सकाळी छातीत दुखले, हिंगोलीला नेईपर्यंत संपले. मिलिंद मला फोन करत राहिला आणि फोन लॉकरमध्ये वाजत राहिला. दुपारच्या चहाला बाहेर आले तेव्हा पाहिले. त्याला फोन केला, त्याने सांगितले. मी चहा संपवला. हे लाजेने सांगत नाही की अभिमानाने सांगत नाही. कप हातात होता आणि तो संपवला. मग रजेचा अर्ज लिहिला. लोकांनी माझ्यासाठी थांबवून ठेवले होते. तिचा चेहरा पाहिला, पाणी घातले, बायकांनी गळ्यात पडून रडावे म्हणून उभी राहिले. थंड गल्लीत बोटांचे जे होते ते तेव्हा सगळ्या अंगाचे झाले होते, आणि तसे झाले की दुखत नाही. तीन दिवसांनी मी कामावर होते.

पंधरवड्याने मायच्या पुण्यानुमोदनाच्या विधीसाठी गावी गेले. मांडव होता, भंतेजी आले होते, मायचा फोटो मोठा करून खुर्चीवर ठेवला होता. जेवणे उरकल्यावर मागच्या दारी सुनीता, माझी भावजय, भांडी घासत होती. मी तिला विचारले, मायचा फोन कुठे आहे.

"त्यो व्हय?" ती म्हणाली. "त्यो तर फुगला होता ताई. पाठीचं झाकण उघडून राहिलं होतं. त्या फाट्यावरच्या पोराच्या खिशात फुटला म्हनत्यात, तसं झालं तर? प्रज्ञाच्या हाती लागंल म्हणून भ्या वाटलं. टोपलेवाला आला, त्याला देऊन टाकला." आणि तिने हातातले निळे प्लास्टिकचे टोपले थोडे वर उचलून दाखवले. "हे घेतलं त्याच्यावर."

आमच्याकडचे लोक टोपलेवाल्यांना ओळखतात. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. मोटारसायकलवर एकात एक घातलेल्या टोपल्यांची उतरंड बांधून ते गावोगाव हिंडतात. पुढे भोंगा असतो आणि त्यावर एका बाईचा ध्वनिमुद्रित केलेला आवाज, की जुना, फुटका, बंद पडलेला मोबाईल द्या आणि टोपले घ्या. सगळ्यांच्या भोंग्यावर तीच बाई बोलते. पूर्वी बायका केसांवर फुगे आणि जुन्या लुगड्यांवर भांडी घेत. तसेच हे. घरात पडलेली निरुपयोगी वस्तू देऊन उपयोगाची घेतली, यात सुनीताचे काही चुकले नव्हते. बॅटरी फुगली होती हे खरे. फुगलेली बॅटरी लेकराच्या हाताशी ठेवू नये, हे मीही तिला सांगितले असते.

पण मी "अगं, त्यात मायचा आवाज होता" एवढेच म्हणाले, आणि ते मिलिंदने ऐकले.

"अक्कल हाय का तुला?" तो मांडवातल्या लोकांना ऐकू जाईल असे म्हणाला. "मायचा आवाज इकून टोपलं घेतलं? इच्यारायचं तरी. ताईला फोन लावता येत नव्हता का?"

सुनीता म्हणाली, "मला काय ठाव, आवाज त्यात राहतो म्हणून. बोलल्यावर गेला की त्यो ताईकडं."

ती बरोबर बोलत होती. गेला होता तो ताईकडे. माझ्याकडे येऊन पोचला होता, आणि मी तो डबा उघडा ठेवून पुसला होता. हे सांगायची जागा तीच होती. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि कोणाला तरी पाणी दिले. शेजारच्या काशीकाकू हात पुसत म्हणाल्या, "टोपलं घेतलं तं घेतलं, झाकणाचं तरी घ्यायचं. आवाज सांडला नसता." दोघीतिघी पदराआड हसल्या. सुनीताने मान वर केली नाही. त्या दिवसापासून गावात तिला टोपलेवाली म्हणतात. मिलिंद अजूनही भांडणात ते काढतो.

दुसऱ्या दिवशी मिलिंदने जवळा बाजारात एका टोपलेवाल्याला गाठले. तो म्हणाला की सगळ्यांचा माल वारंगा फाट्याच्या एका शेडमध्ये जातो. आम्ही मोटारसायकलवर गेलो. ट्रक दुरुस्तीच्या दुकानांमागे पत्र्याची शेड होती. आत चार बायका पाटावर बसून पेचकसाने फोन उचकटत होत्या आणि ढीग घालत होत्या. बॅटऱ्यांचा वेगळा, काचांचा वेगळा, आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्ट्यांचा वेगळा. शेडचे मालक वयस्क होते, खांद्यावर रुमाल.

"कौनसा फोन, बाई?" त्यांनी विचारले. "मॉडेल?"

मला मॉडेल सांगता येईना. माझ्या आईच्या फोनचे मॉडेल मला माहीत नव्हते. मी म्हणाले, लाल कव्हर होते.

"कव्हर तो पैलेच काढून टाकतो आमी." त्यांनी कोपऱ्याकडे बोट केले. तिथे कव्हरांचा ढीग होता आणि त्यात लालच अधिक होती. मग त्यांनी विचारले, "फोटो होते का?"

"आवाज होता. आईचा."

त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री ओढून पसरली. मग एका बाईला म्हणाले, "त्यांना ती पोती मोकळी करून द्या," आणि आमच्यासाठी चहा सांगितला.

हिरव्या पट्टीवरच्या कोणत्या काळ्या चौकोनात आवाज असतो, हे मला शिकवलेले आहे. मी ताडपत्रीवर बसले आणि एकेक पट्टी उचलून पाहू लागले. प्रत्येकीवर तो चौकोन होता. प्रत्येकीत कोणाचे ना कोणाचे बोलणे असणार. कोणत्याही पट्टीवर कोणाचे नाव नव्हते. दुपार कलेपर्यंत मी पाहत राहिले. शेवटी मिलिंद उकिडवा बसून हळू म्हणाला, "ताई, चल आता. सोयाबीनच्या पोत्यात आपल्या वावराचा दाना हुडकून राहिली तू."

परतताना मी त्याच्या मागे बसले होते. तासाहून अधिक रस्ता. बोलायला याहून बरी वेळ मिळाली नसती, कारण त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. मी बोलले नाही.

निघायच्या दिवशी सुनीताने टोपले घासून, पुसून, तुरीची डाळ भरून माझ्यापुढे ठेवले. "तुमी घेऊन जा ताई. माज्याच्यानं हे वापरवत न्हाई." ते घेणे म्हणजे चूक तिची आहे असे मान्य करणे, हे मला त्या क्षणीही कळत होते. मी ते घेतले. मांडीवर धरून नवी मुंबईपर्यंत आणले. आता ते गॅलरीत असते. मी त्यात ओले कपडे ठेवते. ते चांगल्या प्रतीचे आहे, अजून चीर गेलेली नाही.

काम पूर्वीसारखेच चालू आहे. डिस्क येतात, चुरडल्या जातात, मी सही करते. कँटीनमधल्या त्या दुपारी समोर उभे राहून सही करणारे कोणी नव्हते, म्हणून ते झालेच नाही असे काही महिने मला मानता आले. मायचा आवाज आठवायचा प्रयत्न केला तर शब्द आठवतात, आवाज येत नाही. शब्द माझ्याच आवाजात येतात. कोंबड्या मात्र स्पष्ट ऐकू येतात.

मागच्या पंधरवड्यात पाळी संपवून लॉकर उघडला तेव्हा सुनीताचा निरोप आला होता. तिने मला याआधी कधी बोलून निरोप पाठवला नव्हता. तो असा होता: "…सोलून ठिवल्यात, ह्यांच्यासंगं धाडते. आन् ताई, तुमी आजकाल पोचल्यावर कळवत न्हाई. मायला कळवत होत्या. मला कळवत जा."

मधूनच सुरू झालेला. काय सोलून ठेवले आहे ते आधीच्या भागात राहिले. फोन कसा दाबायचा हे ती प्रज्ञाकडून शिकली नाही, मायच्या शेजारी बसून शिकली, हे मला तेव्हा कळले. मी लॉकरच्या खोलीत उभी राहून तो पुन्हा ऐकला, आणि आणखी एकदा. बोटांत रक्त परतताना मुंग्या येतात तसे थोडेसे झाले. फार नाही.

घर म्हणजे काय, असे अशा लेखनाच्या शेवटी विचारतात. मला एवढेच सांगता येईल की जिथे पोचल्याचे कळवायचे ते घर, असे मायने मला बसस्टँडवर शिकवले होते, आणि ती गेल्यावर तसे ठिकाण उरले नाही असे मी धरून चालले होते. ते उरले आहे. तिथे एक बाई मी केलेल्या चुकीसाठी टोपलेवाली हे नाव ऐकून घेते आहे, आणि तरीही मला कळवत जा म्हणते आहे.

सुनीता, मायचे बोलणे माझ्याकडे पोचले होते. ते मी पुसले. तू दिलास तो बंद पडलेला, फुगलेला फोन होता, आणि तो दिलास हे योग्य केलेस. प्रज्ञा, हे वाक्य तुझ्या बाबांना आणि काशीकाकूंनाही वाचून दाखव. पुढच्या खेपेला येताना मी टोपले परत आणीन.

माझा फोन पुन्हा भरत आला आहे. तो पुन्हा यादी दाखवतो आहे. आणि वाचकहो, तुमचा फोन भरला तेव्हा तुम्ही शेवटचे काय पुसलेत, आणि ते कोणाला सांगितलेत?